सगळ्यांत घट्ट माती

गिरणी चाळीच्या मैदानात यंत्र आलं त्या दिवशी अंबादास येमूल सकाळी साडेसहालाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर होता. वय अडुसष्ट. भूमापन खात्यात चौतीस वर्षं मोजणी केलेला माणूस. जे मोजता येतं ते खरं, बाकी गप्पा, हे त्याचं ठाम मत होतं आणि ते तो न विचारताही सांगत असे.

यंत्र दिसायला काही खास नव्हतं. भाजीवाल्याच्या हातगाडीएवढा एक गाडा, खाली आठ चाकं, आणि पुढच्या बाजूला जमिनीला टेकलेल्या बारीक नळ्यांची रांग. कागदोपत्री त्याचं नाव ‘भूवाचक’. पण तो नळ्या टेकवत, थांबत, पुन्हा पुढं सरकत असा चालला होता की चाळीतल्या पोरांनी तासाभरात त्याचं नाव ‘हुंग्या’ ठेवलं, आणि दुपारपर्यंत महापालिकेची माणसंही त्याला हुंग्याच म्हणू लागली.

२०४३ सालच्या सोलापुरात हुंग्याला फार मान होता. त्याआधीची सात-आठ वर्षं वाईट गेली होती. उन्हाळे असह्य झाले, घराघरात साखर आणि रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर ‘रोज मोकळ्या जागेत चालणे’ असं लिहायला सुरुवात केली. पण मोकळ्या जागा होत्या कुठं? म्हणून कायदा झाला, प्रत्येक प्रभागात सर्वांसाठी एक निरोगी जागा, आणि तिचा आराखडा रहिवाशांना विचारून करायचा. इथपर्यंत सगळं छान होतं. मग सभा सुरू झाल्या. सभेत चौघं बोलायचे, चाळीस जण ऐकायचे आणि चारशे जण यायचेच नाहीत. दोन प्रभागांत खुर्च्या फेकून मारल्यावर कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की लोकांना विचारण्याऐवजी त्यांच्या पायांनाच विचारावं.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस चालतो तेव्हा मातीतल्या बारीक पोकळ्या दाबल्या जातात. एकदा चालल्यानं काही होत नाही, पण हजार वेळा चाललं की तिथं घट्ट थर तयार होतो, आणि वर नवी माती पडली तरी तो खाली तसाच राहतो. हुंग्या जमिनीत लहरी सोडायचा आणि त्या परत यायला किती वेळ लागतो त्यावरून हे थर ओळखायचा. शिवाय नळ्यांनी मातीचे कण ओढून तपासायचा. गिरणी कामगारांच्या पायांबरोबर तेल आणि कापसाचे धागे आलेले असत. बिडी वळणाऱ्या बायकांच्या पायांबरोबर तेंदूपानाचा चुरा. पान कुजतं, पण त्यातले वाळूसारखे कण शेकडो वर्षं कुजत नाहीत. आणि कोणता थर कोणत्या काळातला, हे गिरणीच्या धुराड्यानंच लिहून ठेवलं होतं. दरवर्षीच्या काजळीचा एक पापुद्रा. गिरणी बंद पडली तिथं काजळी संपली.

“म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कोण कुठून चाललं ते कळणार?” अंबादासनं विचारलं.

“साठ वर्षांपर्यंतचं नक्की कळेल, काका,” निवेदिता कलशेट्टी म्हणाली. आराखडा करायचं काम तिच्याकडं होतं. तिशीच्या आतली, टोपी घातलेली, बोलताना हातातली पेन्सिल कानामागं खोचायची सवय असलेली मुलगी. “लोक सभेत एक बोलतात आणि वागतात दुसरंच. पाय खोटं बोलत नाहीत.”

हे वाक्य अंबादासला इतकं पटलं, की त्यानं ते त्याच दिवशी तीन जणांना स्वतःचं म्हणून ऐकवलं.

तीन दिवसांनी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा उमटला. रहिवासी समितीचा अध्यक्ष म्हणून अंबादास आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र रफिक सय्यद असे दोघं पाहायला गेले होते. भिंतीवर मैदान होतं, आणि मैदानात तांबड्या, पिवळ्या, निळ्या रेघांचं जाळं. जितका दाट रंग, तितकी घट्ट माती.

“हे बघा, मधोमध हा चौकोन,” निवेदिता म्हणाली. “इथं चुन्याची फक्की सापडली. अनवाणी पावलं, उड्या.”

“कबड्डीचं ग्राउंड!” रफिक ओरडलाच. “अंब्या, आपलं ग्राउंड की रे!”

अंबादास भिंतीजवळ सरकला. गिरणीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मैदान तिरपं कापत गेलेली ती पिवळी रेघ म्हणजे शाळेला उशीर झाला की तो धावायचा ती वाट. कोपऱ्यातला निळा गोल म्हणजे पाळी सुटल्यावर वडील आणि त्यांचे सोबती बसायचे तो लिंब. लिंब पाडून चाळीस वर्षं झाली होती, पण माणसांच्या बैठकीनं केलेला खळगा तसाच होता. बाबांच्या अंगाला येणारा यंत्रतेलाचा वास त्याला एकदम आठवला, आणि सरकारी कार्यालयात, परक्या मुलीसमोर, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलंही नाही.

आराखडा या रेघांवरच बेतला होता. मधे खेळाचं मैदान, लिंबाच्या जागी नवा लिंब आणि भोवती पार, तिरप्या वाटेवर फरशी. आणि दक्षिणेच्या भिंतीला लागून एक लांब, जाळीनं वेगळा केलेला, सावलीचा मार्ग.

“हा काय?” अंबादासनं विचारलं.

“ही सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे, काका. सगळ्या मैदानात सगळ्यांत घट्ट माती इथं आहे. तेंदूपानाचे कण, बायकांची पावलं, वर्षानुवर्षं, रोज. चाळीतल्या बायकांना हीच वाट सर्वांत आवडत होती. म्हणून इथं खास महिला पथ. वर वेली, बाजूला जाळी. कुणाचा त्रास नाही.”

अंबादासला अक्का आठवली. राजमणी अक्का, त्याची थोरली बहीण, बहात्तर वर्षांची. नवरा गेल्यावर ती त्याच्याकडं राहायला आली त्याला सहा वर्षं झाली होती. अंबादासची बायको आधीच गेली होती, मुलगा हैदराबादेत; घरात आता बहीणभाऊ दोघंच. अक्काचे गुडघे आखडत चालले होते आणि साखर तीनशेच्या खाली उतरत नव्हती. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात बजावलं होतं, “आजी, रोज पाऊण तास चालला नाहीत तर वर्षभरात खाटेवरून उठणं कठीण होईल.” अक्कानं मान हलवली आणि घरी येऊन खिडकीत बसली. अंबादासनं समजावलं, रागावला, काठी आणून दिली. ती काही मैदानात पाय टाकेना. त्याची खात्री होती, मैदान पुन्हा पूर्वीसारखं झालं की अक्का जाईल. समितीचा अध्यक्ष होण्याची खटपट त्यानं त्यासाठीच तर केली होती.

शुक्रवारी आराखड्यावर समितीची सही व्हायची होती. न झाल्यास पाळी पुढच्या प्रभागाची; मग तीन वर्षं मैदान आहे तसंच, म्हणजे निम्मं भंगार आणि निम्मा उकिरडा.

घरी येताना त्यानं नकाशाची छापील प्रत आणली आणि अक्काच्या पुढ्यात पसरली.

“अक्का, तुझी वाट सापडली बघ!”

त्या घरात अर्धं तेलुगू आणि अर्धं सोलापुरी मराठी चालायचं, आणि कुठलं वाक्य कुठं वळेल याचा नेम नसे. अक्कानं चष्मा लावला. अंबादासनं तिला काजळी, कण, घट्ट माती सगळं समजावलं. भिंतीकडची तांबडीलाल रेघ बोटानं दाखवली.

“ही वाट तुम्हा बायकांना सगळ्यांत आवडायची. यंत्रानं सांगितलं.”

अक्का आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि अंबादासला उठून पाणी आणावं लागलं.

“आवडायची व्हय!” ती डोळे पुसत म्हणाली. “अरे, तिथं गटार वाहत होतं की! भिंत आणि गटार, मधे एवढीशी जागा. नाकाला पदर लावून पळायचो आम्ही.”

“मग तिथनं कशाला जायचात?”

“मग कुठनं जायचं? मधे तुमचा खेळ. बाजूला लिंबाखाली सगळे बाप्ये बसलेले, कुणाचे सासरे, कुणाचे दीर. त्यांच्यापुढनं डोक्यावर बिड्यांचं सूप घेऊन जायचं होय? आणि दहाच्या आत कारखान्यात पोचलं नाही तर बिड्या मोजून घेणारा चेकर दार लावून घ्यायचा. पळताना पाय जोरात पडतो, अंबू. म्हणून माती घट्ट झाली असंल. तुझ्या यंत्राला ते आवडणं वाटलं होय?”

अंबादासनं नकाशाची सुरकुती सरळ केली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “पण तू यायचीस की मैदानात. माझी पहिली मॅच बघायला लिंबाखाली उभी होतीस.”

“कोण, मी?”

“मग! मी सगळ्यांना सांगतो ते.”

“मी भिंतीपलीकडं होते. आरडाओरडा ऐकला. शेवटी रफिक ‘अंब्या, अंब्या’ ओरडला, तेव्हा कळलं जिंकलास म्हणून.” हे तिनं कुरकुर न करता सांगितलं, आणि त्यामुळंच त्याला ते जास्त लागलं. त्रेपन्न वर्षं तो ती आठवण जपत होता. लिंबाची सावली, अक्काची निळी परकर-ओढणी, तिचा हात वर केलेला. त्यातलं काहीच घडलं नव्हतं.

अक्का आता नकाशावर वाकून काहीतरी शोधत होती. बोट मधल्या चौकोनावरून गोल गोल फिरत होतं.

“बतकम्मा कुठाय?”

पद्मशाली विणकरांच्या घरांतल्या बायकांचा हा फुलांचा सण. अश्विनाच्या तोंडावर नऊ दिवस, तरवड, झेंडू, शेवंतीची फुलं थरावर थर रचून बतकम्मा उभी करायची, मैदानाच्या मधोमध ठेवायची, आणि टाळ्या वाजवत, गाणी म्हणत तिच्याभोवती फेर धरायचा. त्या नऊ संध्याकाळी बायका मैदानाच्या मधे असायच्या आणि बाप्ये कडेला.

“नाही दिसत,” अंबादास म्हणाला.

“नाही कसं? शंभर बायका नाचायच्या. मी सहा वर्षांची असल्यापासून.” अक्काचा आवाज पहिल्यांदाच उतरला. “वर्षभर आम्ही त्याच नऊ दिवसांकडं डोळे लावून बसायचो. सूप मांडीवर, हात पानांत, आणि तोंडात बतकम्माची गाणी. पायाखाली ऊन झालेली माती असायची, अंबू. मैदानाची माती मऊ असते, ते मला तिथंच कळलं.”

“मग ते बंद कसं पडलं?”

अक्कानं चष्मा काढला.

“तुला खरंच आठवत नाही?”

त्याला आठवत नव्हतं.

“तू पंधराचा होतास. कबड्डीचा कप्तान झालास. दसऱ्याला स्पर्धा होती. फुलांच्या पाकळ्या मातीत कालवतात आणि पाय घसरतो, म्हणून तू चाळीच्या मंडळात अर्ज दिलास. मंडळात बाबांचं चालायचं, त्यांनी बतकम्मा बोळात हलवली. तिथं फेर धरायला जागाच नव्हती. दोन वर्षांत बायका यायच्या थांबल्या.” मग ती सहज म्हणाली, “माझं लग्नाआधीचं शेवटचं वर्ष होतं ते.”

अर्ज. हो, अर्ज. वहीचं पान, निळी शाई, खाली ‘आपला नम्र, कप्तान’. सुवाच्य अक्षराबद्दल बाबांनी पाठ थोपटली होती. पाठ थोपटलेली त्याच्या लक्षात होती; अर्ज कशाचा होता ते नव्हतं.

“चुकलं माझं, अक्का.”

“लहान होतास.”

“पण कप्तान होतो.”

अक्कानं नकाशाची घडी घातली आणि भाकरीचं पीठ काढायला उठली.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच अंबादास पायरीवर बसला होता. निवेदितानं कुलूप काढेपर्यंत त्याचं निम्मं सांगून झालं होतं. ती खुर्चीत बसली आणि यंत्राची मूळ नोंद उघडली.

“वर्षातून तीस दिवसांपेक्षा कमी वापर असला की ते आम्ही गाळतो, काका. नाहीतर वरातीपासून मोर्च्यापर्यंत सगळंच नकाशावर येतं. गोंगाट म्हणतो आम्ही त्याला.”

“तो गोंगाट बघू.”

तिनं चाळणी काढून टाकली. भिंतीवर फिकट रेघांचा धुरळा उठला, आणि त्यात, कबड्डीच्या चौकोनावर, एक गोल. अगदी पुसट. एकात एक अशी तीन वर्तुळं. वर फुलांच्या परागकणांचे ठिपके. काजळीचे पापुद्रे मोजत निवेदिता वर वर आली आणि एका वर्षापाशी थांबली. त्याच्यावर गोल नव्हता.

“हे नव्वद साल,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” अंबादास म्हणाला.

निवेदितानं कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. “मी हा गोल आराखड्यात घेते. खेळाच्या मैदानात नऊ दिवस राखीव.”

“घे की. पण तेवढ्यानं भागत नाही, पोरी. मी जन्मभर मोजण्या केल्या. जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते मोजून कळतं. ती कुणाला हवी होती, ते नाही कळत. तुझं यंत्र माणूस कुठं गेला ते सांगतं. जाऊ दिलं नाही कुठं, ते कसं सांगणार? आमच्या गल्लीतली पद्मिनी चाकांच्या खुर्चीत असते. फाटकात मोटारसायकली अडवायला आडवा दांडा लावलाय, तिची खुर्ची आत जातच नाही. ती तुझ्या नकाशात कुठाय?”

“कुठंच नाही,” निवेदिता हळूच म्हणाली.

“मग मी सही करणार नाही.”

“काका, आज बुधवार आहे! सही झाली नाही तर मैदान जाईल. तीन वर्षं!”

तीन वर्षं म्हणजे काय, हे तिच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. अक्काच्या गुडघ्यांकडं तीन वर्षं नव्हती. पण तो भिंतीकडचा पथ, वर वेली आणि बाजूला जाळी, तिच्यासाठी बांधून ठेवायचा, आणि पुन्हा तिला म्हणायचं की जा, ही तुझी आवडती वाट? त्याच्यानं ते होणार नव्हतं.

“उद्याचा दिवस आहे ना,” तो म्हणाला. “सभा नको. भाषणं नकोत. सगळ्यांना मैदानात बोलाव. प्रत्येकाच्या हातात ओंजळभर फक्की दे. कुठं चालत होता ते नाही विचारायचं. कुठं जावंसं वाटतं, तिथं जायचं आणि खूण करायची.”

गुरुवारी चार वाजता मैदानात फक्कीची दोन पोती आली. रफिकनं मशिदीच्या आणि देवळाच्या दोन्ही कर्ण्यांवरून पुकारा केला. आधी कोणी पुढं होईना. मोकळ्या मैदानात उभं राहून, कुठं जावंसं वाटतं, हे ठरवायची कुणाला सवयच नव्हती. आडवा दांडा रफिकनं आणि अंबादासनं मिळून उपटला, तेव्हा पद्मिनीची खुर्ची आत आली. ती सरळ टाकीखाली गेली आणि म्हणाली, “इथनं सगळं मैदान दिसतंय की!” तिनं तिथं खूण केली. मग गर्दी सुटली. भिंतीकडच्या पथावर एकाही बाईनं खूण केली नाही. निम्म्याहून अधिक बायकांनी एकच गोष्ट मागितली, आणि ती कुठल्याही आराखड्यात नव्हती: स्वच्छ, दार लागणारं शौचालय. “घरनं पाणी न पिता निघायचं, मग थांबणार कसं?” एकीनं निवेदिताला विचारलं. निवेदिता भराभर लिहून घेत होती. तिची टोपी पडली होती आणि केसांत फक्की गेली होती.

अंबादास फाटकाकडं बघत होता. सकाळी त्यानं अक्काला विचारलं होतं. “बघू,” एवढंच ती म्हणाली होती.

साडेपाचला ती आली. काठी टेकत, भिंतीच्या कडेनंच आली. पायांना दुसरी वाट माहीत नव्हती. गटार केव्हाच बुजलं होतं तरी तिचा पदर नाकाशी गेला. अर्ध्यावर ती थांबली. चपला काढल्या. मग वळली आणि आत, मैदानाच्या मधे चालू लागली. अंबादास धावत आधार द्यायला निघाला, पण रफिकनं त्याचा दंड धरला.

फार वेळ लागला तिला. मधे पोचल्यावर काठी बाजूला ठेवून, एक हात जमिनीला टेकत, ती हळूहळू खाली बसली आणि पाय लांब केले.

निवेदिता फक्कीची वाटी घेऊन तिच्यापाशी गेली. “आजी, इथं काय हवं? बाक? झाड? गोल कट्टा?”

“काही नको,” अक्का म्हणाली. “बसू दे की जरा.”

निवेदितानं हातातल्या यादीकडं पाहिलं. यादीत बावीस गोष्टी होत्या. ‘काही नको’ हा पर्याय नव्हता. तिनं तो हातानं लिहिला आणि अंबादासनं त्याखाली सही केली. तो आराखडा शुक्रवारी गेला. वरच्या कार्यालयानं नाक मुरडलं, चार बाकं कापली, पण मंजुरी आली, दीड महिन्यानं का होईना.

त्या गुरुवारी उन्हं उतरली, माणसं पांगली, तरी अक्का उठेना. हातानं माती कुरवाळत ती बंद गिरणीवरच्या रिकाम्या आभाळाकडं बघत होती.

“चल अक्का, घरी,” अंबादास म्हणाला.

“तू हो पुढं. कुकर लाव.”

तो घरी आला. कुकर लावला, दोन ताटं घेतली. खिडकीतून मैदान दिसत नव्हतं. दर पाच मिनिटांनी तो दारापर्यंत जाऊन येत होता आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच रागावत होता. साडेसातला काठीचा आवाज आला. अक्कानं मोरीत पाय धुतले. पाणी बराच वेळ तांबूस निघत होतं.

“उद्या परत जाणार हाय मी,” ती म्हणाली.

“काय काम काढलंस आता?” त्यानं सवयीनं विचारलं.

“काम काही नाही,” अक्का म्हणाली, आणि ताट पुढं ओढलं.